विश्लेषण : जर्मनीने हात सैल सोडला, तरी अमेरिकेशी नाते ताणलेलेच, असे का?

संरक्षणावर जास्त खर्च करा, असे अमेरिकेचे अध्यक्ष जर्मनीला वर्षानुवर्षे सांगत आले. अध्यक्ष कोणत्याही पक्षाचा असो, तक्रार तीच असे. २०२५ मध्ये जर्मनीने ते अखेर मनावर घेतले. त्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती केली, कर्जाची मर्यादा सैल केली आणि तरुणांना पुन्हा लष्कराकडे वळवण्यासाठी कायदाही केला. तरीही वॉशिंग्टन आणि बर्लिनमधील अविश्वास कमी झालेला नाही, उलट वाढला आहे. अमेरिकेची मागणी पूर्ण होत असतानाच हे नाते का बदलते आहे, दोघांसमोरची समान संकटे कोणती आणि त्याचा आपल्याशी संबंध काय, याचा हा आढावा.

सध्या चर्चा कशाची?

५ जून २०२५ रोजी जर्मनीचे चॅन्सेलर फ्रीडरिश मेर्झ व्हाइट हाऊसमध्ये गेले, तेव्हा त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना एक चौकट भेट दिली. तिच्यात ट्रम्प यांच्या आजोबांचा जन्मदाखला होता. फ्रीडरिश ट्रम्प यांचा जन्म १८६९ मध्ये आजच्या ऱ्हाइनलँड-पॅलाटिनेट राज्यातील काल्श्टाट या गावात झाला आणि ते तरुणपणीच अमेरिकेला गेले. भेट गोड झाली. पण याच मेर्झ यांनी फेब्रुवारीत निवडणूक जिंकल्याच्या रात्री, युरोपने टप्प्याटप्प्याने अमेरिकेवरील अवलंबित्वातून बाहेर पडले पाहिजे, असे जाहीरपणे सांगितले होते. अमेरिकेशी मैत्रीचा पुरस्कार करणाऱ्या पक्षाच्या नेत्याने हे बोलावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटले.

डिसेंबरमध्ये ट्रम्प प्रशासनाने राष्ट्रीय सुरक्षा धोरण प्रसिद्ध केले. युरोपची संस्कृतीच पुसली जाण्याचा धोका आहे, असा सूर त्यात आहे आणि तेथील राष्ट्रवादी पक्षांच्या वाढत्या प्रभावाचे स्वागतही आहे. त्यातील काही भाग युरोपच्या दृष्टीने स्वीकारार्ह नाही, असे मेर्झ यांनी सुनावले. संरक्षण खर्चाचा जुना वाद मिटत असताना नवा वाद उभा राहिला, तो असा.

हे नाते मुळात उभे कसे राहिले?

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे चार भाग झाले आणि पश्चिमेकडील एका भागाचा ताबा अमेरिकेकडे होता. जिंकणारे आणि हरलेले, असे हे नाते होते. ते बदलले बर्लिनच्या नाकेबंदीने. जून १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग अडवले. अमेरिका व ब्रिटनने विमानांतून कोळसा, पीठ, औषधे पोहोचवायला सुरुवात केली. सव्वा वर्षात पावणेतीन लाखांहून अधिक उड्डाणे झाली आणि सुमारे २३ लाख टन सामान उतरवले गेले. तीन वर्षांपूर्वी याच शहरावर बॉम्ब टाकणाऱ्या देशांची विमाने आता अन्न घेऊन येत होती. जर्मन जनमानसात अमेरिकेची प्रतिमा तेव्हा पालटली.

याच काळात मार्शल योजनेतून मदत मिळाली. १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी ‘नाटो’त दाखल झाला आणि त्याच वर्षी ‘बुंडेसवेर’ हे नवे लष्कर उभे राहिले. १९९० च्या जर्मन एकीकरणाला ब्रिटन आणि फ्रान्सच्या मनात धाकधूक असताना अमेरिकेने ठाम पाठिंबा दिला. मतभेद अर्थातच होते. २००३ मध्ये इराक युद्धाला चॅन्सेलर गेऱ्हार्ड श्र्योडर यांनी उघड विरोध केला. २०१३ मध्ये अँगेला मर्केल यांच्या मोबाइल फोनवर अमेरिकी हेरयंत्रणेची नजर असल्याचे प्रकरण गाजले. पण लष्करी संरक्षण अमेरिकेचे आणि राजकीय साथ जर्मनीची, हा पाया या वादांत हलला नाही.

जर्मनीत अमेरिकी सैन्य किती आणि कशासाठी?

शीतयुद्धाच्या अखेरीस पश्चिम जर्मनीत अमेरिकेचे सुमारे अडीच लाख सैनिक होते. आज ती संख्या साधारण ३५ हजार आहे. तरीही युरोपातील कोणत्याही देशात याहून जास्त अमेरिकी सैन्य नाही. हे सैन्य केवळ जर्मनीच्या रक्षणासाठी आहे, हा समज मात्र अर्धवट आहे.

रामस्टाइन हा हवाई तळ अमेरिकेसाठी युरोप, पश्चिम आशिया आणि आफ्रिकेकडे जाणारा मोठा थांबा आहे. जवळच लांडश्टूल येथे अमेरिकेबाहेरचे तिचे सर्वात मोठे लष्करी रुग्णालय आहे. इराक आणि अफगाणिस्तानात जखमी झालेले हजारो सैनिक आधी तेथेच आणले जात. स्टुटगार्टमध्ये अमेरिकेची दोन लष्करी मुख्यालये आहेत, एक युरोपसाठी आणि दुसरे आफ्रिकेसाठी. बव्हेरियातील ग्राफेनव्योर येथे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे.

अमेरिकी ड्रोनच्या संदेशवहनातही रामस्टाइनची भूमिका आहे. येमेनमधील ड्रोन हल्ल्यात नातेवाईक गमावलेल्यांनी त्यावरून जर्मन न्यायालयात दाद मागितली होती. जुलै २०२५ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने त्यांची तक्रार फेटाळली. म्हणजेच हा तळ जर्मन भूमीवर असला तरी त्याचे काम जगभर चालते. सैन्य मागे घेतले तर जर्मनीचे नुकसान होईल हे खरे, पण अमेरिकेलाही हे सारे दुसरीकडे उभारणे सोपे नाही आणि स्वस्तही नाही.

म्हणूनच ट्रम्प यांनी २०२० मध्ये जाहीर केलेली सुमारे १२ हजार सैनिकांची कपात प्रत्यक्षात आली नाही. जो बायडेन यांनी ती २०२१ मध्ये थांबवली. आता अमेरिकी काँग्रेसनेही डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर केलेल्या संरक्षण विधेयकात, युरोपातील एकूण सैन्य ७६ हजारांच्या खाली नेण्यावर अटी घातल्या आहेत.

खर्चाचा वाद नेमका काय होता?

रशियाने क्रिमिया बळकावल्यानंतर २०१४ मध्ये वेल्स येथील ‘नाटो’ परिषदेत ठरले, की सदस्य देशांनी दहा वर्षांत संरक्षण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांपर्यंत न्यावा. युरोपातील सर्वात मोठी अर्थव्यवस्था असलेला जर्मनी वर्षानुवर्षे त्याखालीच राहिला. शीतयुद्ध संपताना पश्चिम जर्मनीकडे जवळपास पाच लाख सैनिक होते. आज संपूर्ण जर्मनीत एक लाख ८० हजारांच्या आसपास आहेत. सक्तीची लष्करी सेवा २०११ मध्ये स्थगित झाली. उड्डाणाला अयोग्य विमाने, गोदामात नसलेला दारूगोळा आणि सुट्या भागांची टंचाई यांवर जर्मन संसदेत दरवर्षी अहवाल यायचे आणि विसरले जायचे.

यामागे केवळ कंजुषी नव्हती. दोन महायुद्धांचा इतिहास असलेल्या देशात लष्कर वाढवणे हा मतदारांना न आवडणारा विषय होता. शेजारी देशांनाही बलाढ्य जर्मन लष्कर नको होते. अमेरिकेचे सैन्य तेथे असल्याने हा प्रश्न झाकलेला राहिला.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि तीनच दिवसांत तत्कालीन चॅन्सेलर ओलाफ शोल्त्झ यांनी संसदेत १०० अब्ज युरोंच्या विशेष निधीची घोषणा केली. २०२४ मध्ये जर्मनीने दोन टक्क्यांचे लक्ष्य गाठले. शीतयुद्ध संपल्यानंतर सुमारे तीन दशकांनी हे घडत होते.

मग २०२५ मध्ये काय बदलले?

जर्मनीच्या राज्यघटनेत २००९ पासून ‘कर्जलगाम’ आहे. केंद्र सरकारला वर्षाला राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३५ टक्क्यांहून अधिक नवे कर्ज काढता येत नाही, असा हा नियम. ‘आधी कमवा, मग खर्च करा’ या तेथील काटकसरी वृत्तीचे ते प्रतीक मानले जाते. मेर्झ यांनी प्रचारात या लगामाला हात लावण्यास विरोध केला होता.

मात्र मार्चच्या सुरुवातीला ट्रम्प प्रशासनाने युक्रेनचा शस्त्रपुरवठा आणि गुप्त माहितीची देवाणघेवाण काही दिवसांसाठी थांबवली. व्होलोदिमिर झेलेन्स्की यांच्याशी ओव्हल ऑफिसमध्ये कॅमेऱ्यांसमोर झालेल्या वादानंतरची ही घडामोड होती. जे युक्रेनबाबत झाले ते उद्या आपल्याबाबतही होऊ शकते, ही भीती बर्लिनमध्ये पसरली.

१८ मार्चला बुंडेस्टॅगने ५१३ विरुद्ध २०७ मतांनी घटनादुरुस्ती मंजूर केली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्यापुढचा संरक्षण खर्च आता कर्जलगामातून मुक्त आहे. सोबत रस्ते, पूल, रेल्वे आणि इतर पायाभूत सुविधांसाठी १२ वर्षांत ५०० अब्ज युरोंचा निधी उभारला जाणार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ड्रेस्डेनमधील कारोला पुलाचा एक भाग मध्यरात्री एल्बे नदीत कोसळला होता. त्यामुळे या निधीची गरज पटवून द्यायला सरकारला फार कष्ट पडले नाहीत.

यातली एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. नव्या संसदेत घटनादुरुस्तीसाठी लागणारे दोन तृतीयांश बहुमत मिळणे अवघड होते. म्हणून मावळत्या संसदेचे अधिवेशन बोलावून हा निर्णय उरकण्यात आला. मतदारांना एक सांगून दुसरेच केले, ही टीका मेर्झ यांचा पाठलाग अजून सोडत नाही.

जूनमध्ये हेग येथील परिषदेत ‘नाटो’ने २०३५ पर्यंत पाच टक्क्यांचे नवे लक्ष्य ठरवले. त्यातील साडेतीन टक्के थेट लष्करावर आणि दीड टक्का पूल, बंदरे, सायबर सुरक्षा अशा पूरक बाबींवर. जर्मनीला साडेतीन टक्के २०२९ मध्येच गाठायचे आहेत. २०२६ चा जर्मन संरक्षण खर्च विशेष निधी धरून १०८ अब्ज युरोंवर जाईल. डिसेंबरमध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार २००८ आणि त्यानंतर जन्मलेल्या तरुणांना १८ वर्षे पूर्ण होताच लष्करी सेवेबाबतची प्रश्नावली भरून द्यावी लागेल. मुलग्यांना ती सक्तीची, मुलींना ऐच्छिक. सेवा तूर्त स्वेच्छेचीच आहे. पुरेसे तरुण आले नाहीत तर सक्तीचा प्रस्ताव संसदेपुढे येऊ शकतो.

पैसा नेमका कुणाकडे जाणार?

खरी मेख येथेच आहे. जर्मनीने खर्च वाढवला तर अमेरिकी कंपन्यांच्या शस्त्रांची विक्री वाढेल, असे वॉशिंग्टनचे गणित होते. ते काही प्रमाणात खरेही ठरले. जर्मनीने जुन्या टोर्नाडो विमानांच्या जागी अमेरिकेची ३५ एफ-३५ विमाने आणि त्याशिवाय ६० चिनूक हेलिकॉप्टर घ्यायचे ठरवले. इस्रायलकडून घेतलेल्या ‘अ‍ॅरो ३’ क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेसाठीही अमेरिकेची परवानगी लागली, कारण ती दोन्ही देशांनी मिळून विकसित केली आहे.

पण आधुनिक लढाऊ विमान विकत घेणे म्हणजे मोटार विकत घेणे नव्हे. एफ-३५ ला सतत सॉफ्टवेअर अद्ययावत करावे लागते, मोहिमेसाठी लागणारा माहितीसंच वेळोवेळी भरावा लागतो आणि सुटे भाग एका जागतिक साखळीतून येतात. या सगळ्याच्या चाव्या प्रामुख्याने अमेरिकेकडे आहेत. विमान दूरवरून बंद करण्याचे बटण असल्याच्या चर्चेचा अमेरिकेने इन्कार केला आहे. पण तसे बटण नसले तरी पुरवठा आटला की विमान काही काळाने जमिनीवरच राहते, हे उघड आहे.

म्हणून जर्मनीने दोन्ही डगरींवर हात ठेवला आहे. एकीकडे अमेरिकी शस्त्रे घ्यायची, दुसरीकडे त्यांचे उत्पादन आपल्याकडे आणायचे. ऱ्हाइनमेटाल कंपनीने वेत्झे येथे एफ-३५ च्या मधल्या सांगाड्याचे भाग बनवणारा कारखाना जुलै २०२५ मध्ये सुरू केला. बव्हेरियातील श्रोबेनहाउझेन येथे अमेरिकी आणि युरोपीय कंपन्या मिळून पेट्रियट यंत्रणेची क्षेपणास्त्रे बनवणार आहेत. यात अमेरिकेचाही फायदा आहे, कारण युक्रेन युद्धाने तिचाही साठा घटवला आणि एकट्या अमेरिकी कारखान्यांना मागणी पुरवणे जड जात आहे. अशा जोडउत्पादनाचा लाभ दोन्ही बाजूंना होतो. मात्र जर्मन पैसा जितका युरोपीय कंपन्यांकडे वळेल, तितका वॉशिंग्टनचा या वाढीव खर्चातील रस कमी होईल.

युक्रेनबाबत दोघे बरोबर आहेत की वेगळे?

सहकार्य कसे चालते आणि कुठे अडते, हे युक्रेनमध्ये सर्वात स्पष्ट दिसते. जानेवारी २०२३ मध्ये शोल्त्झ लेपर्ड रणगाडे द्यायला तयार नव्हते. अमेरिका आपले अ‍ॅब्रम्स देईल तेव्हाच आम्ही देऊ, अशी त्यांची भूमिका होती. अखेर २५ जानेवारीला दोन्ही घोषणा एकाच दिवशी झाल्या. एकट्याने पुढे जायचे नाही, हा जर्मनीचा तेव्हाचा नियम होता.

अडीच वर्षांत चित्र उलटले. ट्रम्प सरकार आता युक्रेनला नवी शस्त्रे मोफत देत नाही. युरोपीय देश आणि कॅनडा पैसे भरतात आणि अमेरिकी शस्त्रे युक्रेनला मिळतात. जुलै २०२५ मध्ये ठरलेल्या या व्यवस्थेत जर्मनी मोठा वाटेकरी आहे. लिथुआनियात जर्मनी सुमारे पाच हजार जणांची कायमस्वरूपी ब्रिगेड उभारत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशात असा कायमचा तळ जर्मनी प्रथमच उभारत आहे. म्हणजे पैसा आणि जोखीम जर्मनीकडे सरकली. मात्र मॉस्कोशी वाटाघाटी वॉशिंग्टन करते आणि आपल्याला निर्णय नंतर कळतात, ही बर्लिनची खंत आहे.

रशियन गॅस सुटला, मग नवे अवलंबित्व आले का?

रशियातून थेट जर्मनीत येणाऱ्या ‘नॉर्ड स्ट्रीम २’ वाहिनीला अमेरिकेचा सुरुवातीपासून विरोध होता. हा केवळ व्यापारी प्रकल्प आहे, असे जर्मनी म्हणत राहिला. आक्रमणाच्या दोन दिवस आधी, २२ फेब्रुवारी २०२२ रोजी शोल्त्झ यांनी तिची मंजुरी प्रक्रिया थांबवली. त्या वेळी जर्मनीत येणारा निम्म्याहून अधिक नैसर्गिक वायू रशियातून येत होता. या मुद्द्यावर अमेरिकेचे म्हणणे खरे ठरले, हे आज जर्मनीत बहुतेकजण मान्य करतात.

डिसेंबर २०२२ मध्ये विल्हेल्म्सहाफेन येथे द्रवरूप वायू उतरवणारे पहिले जर्मन टर्मिनल सुरू झाले. एरवी परवानग्यांसाठी वर्षे घालवणाऱ्या देशाने ते काही महिन्यांत उभारले. आता जर्मन टर्मिनलवर येणाऱ्या द्रवरूप वायूचा सर्वात मोठा पुरवठादार अमेरिका आहे. आयात शुल्काच्या वाटाघाटीत अमेरिकेने ऊर्जाखरेदीची अट पुढे केली, तेव्हा एका पुरवठादारावर फार विसंबण्याचा धडा जर्मनीला पुन्हा आठवला.

आयात शुल्काचा फटका किती?

२०२४ मध्ये अमेरिका हा जर्मनीचा सर्वात मोठा व्यापारी भागीदार होता. त्या वर्षी जर्मनीने अमेरिकेला सुमारे १६१ अब्ज युरोंचा माल विकला आणि व्यापारातील आधिक्य ७० अब्ज युरोंच्या आसपास गेले. ट्रम्प यांच्या डोळ्यांत खुपतो तो हाच आकडा.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने मोटारींवर जादा २५ टक्के शुल्क लावले, त्यामुळे युरोपीय मोटारींवरील एकूण शुल्क साडेसत्तावीस टक्क्यांवर गेले. २७ जुलैला स्कॉटलंडमध्ये ट्रम्प आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन यांच्यात समझोता झाला. बहुतेक मालावर, मोटारींसह, १५ टक्क्यांची कमाल मर्यादा ठरली. बदल्यात युरोपने ७५० अब्ज डॉलरची ऊर्जाखरेदी आणि ६०० अब्ज डॉलरची गुंतवणूक यांची तयारी दाखवली. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमवर मात्र ५० टक्के शुल्क कायम राहिले. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे जर्मन अर्थव्यवस्था आक्रसली होती. तिला हा घाव वर्मी लागला.

या हिशेबात एक गोष्ट सहसा येत नाही. ‘बीएमडब्ल्यू’चा जगातील सर्वात मोठा कारखाना जर्मनीत नाही, तर अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील स्पार्टनबर्गमध्ये आहे. तेथे ११ हजारांहून अधिक लोक काम करतात आणि तेथून मोटारी जगभर जातात. मर्सिडीज अलाबामात, तर फोक्सवॅगन टेनेसीत मोटारी बनवते. या कारखान्यांना लागणारे अनेक सुटे भाग परदेशातून येतात. त्यामुळे शुल्क वाढले की झळ अमेरिकी कामगारालाही बसते.

चीनबाबत दोघांचे दुखणे एकच का?

स्वस्त चिनी विद्युत मोटारी, दुर्मीळ खनिजांवर चीनची पकड आणि रिकामे होत चाललेले औद्योगिक पट्टे, ही दोन्ही देशांची समान चिंता आहे. पण उत्तरे वेगवेगळी आहेत आणि कधी कधी एकमेकांना छेद देणारी आहेत.

ऑक्टोबर २०२५ मधील ‘नेक्सपेरिया’ प्रकरण याचे उत्तम उदाहरण. ही चिप कंपनी नेदरलँड्समधील, मालकी चिनी. तिच्या चिपच्या चकत्या मोठ्या प्रमाणावर हॅम्बुर्गमध्ये बनतात, मग चीनमधील डोंगग्वान येथे त्यांची जोडणी होते आणि तयार चिप पुन्हा युरोपात येते. अमेरिकेने चिनी कंपन्यांच्या उपकंपन्यांवर निर्बंध वाढवले, डच सरकारने कंपनीवर नियंत्रण आणले आणि चीनने निर्यात रोखली. एका चिपची किंमत अगदी किरकोळ, पण ती नसेल तर मोटार कारखान्याबाहेर पडत नाही. जर्मन कारखान्यांवर उत्पादन थांबवण्याची वेळ आली. कोंडी सैल झाली ती ३० ऑक्टोबरला ट्रम्प आणि शी जिनपिंग यांची दक्षिण कोरियात भेट झाल्यानंतर. अडचण जर्मनीची आणि तोडगा मात्र जर्मनी हजर नसलेल्या खोलीत, असा हा प्रकार होता.

स्वतःकडे चिपनिर्मिती आणण्याचा प्रयत्नही सरळ गेला नाही. मॅग्डेबुर्ग येथे अमेरिकेची ‘इंटेल’ कंपनी सुमारे ३० अब्ज युरोंचा कारखाना उभारणार होती. जर्मन सरकार जवळपास १० अब्ज युरोंचे अनुदान देण्यास तयार होते. कंपनी अडचणीत आल्याने जुलै २०२५ मध्ये हा प्रकल्प रद्द झाला.

मतभेद फक्त पैशाचे आहेत का?

नाहीत, आणि म्हणूनच ते लवकर मिटणारे नाहीत. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी म्युनिक सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी युरोपला खरा धोका आतूनच असल्याचे सांगितले. अभिव्यक्तिस्वातंत्र्य दडपले जाते आणि काही पक्षांना वाळीत टाकले जाते, असा त्यांचा आरोप होता. जर्मन निवडणूक अवघ्या नऊ दिवसांवर होती. रोख ‘एएफडी’ या अतिउजव्या पक्षाला दूर ठेवण्याच्या तेथील प्रथेवर होता. त्या निवडणुकीत ‘एएफडी’ला २०.८ टक्के मते मिळाली आणि तो दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष ठरला.

जर्मनांच्या दृष्टीने हा इतिहासाचा प्रश्न आहे. लोकशाहीच्याच मार्गाने सत्तेवर आलेल्या नाझींनी लोकशाही संपवली. म्हणून तेथे द्वेषपूर्ण भाषणावर कायद्याने बंधने आहेत आणि अतिरेकी पक्षांवर सरकारी यंत्रणा नजर ठेवते. अमेरिकी परंपरेत अभिव्यक्तीवर अशी बंधने जवळजवळ नाहीत. समाजमाध्यम कंपन्या अमेरिकी आणि नियम युरोपीय असल्याने हा वाद आता थेट व्यापाराशी जोडला गेला आहे. डिसेंबरमध्ये युरोपीय आयोगाने ‘एक्स’ला १२ कोटी युरोंचा दंड ठोठावला, तेव्हा वॉशिंग्टनमधून तिखट प्रतिक्रिया उमटल्या.

भारत आणि महाराष्ट्राचा यात संबंध काय?

बराच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. त्यानंतर काही दिवसांतच जर्मनीचे भारतातील राजदूत फिलिप अकरमन यांनी कुशल भारतीयांना जर्मनीत येण्याचे आवाहन केले. जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसाची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे २०२४ मध्येच जाहीर केले आहे. जर्मन विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय आता पहिल्या क्रमांकावर आहेत. महाराष्ट्र सरकारनेही कुशल मनुष्यबळासाठी बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केलेला आहे. या राज्याची राजधानी स्टुटगार्ट. हे शहर १९६८ पासून मुंबईचे भगिनी शहर आहे.

चाकणमध्ये मर्सिडीज आणि फोक्सवॅगन यांचे कारखाने आहेत, नाशिकमध्ये बॉश. जर्मन मोटार उद्योगाला लागलेली ठेच पुण्या-नाशिकच्या सुट्या भागांच्या उद्योगालाही जाणवते. संरक्षण क्षेत्रात मुंबईचे माझगाव डॉक आणि जर्मनीची टिसेनक्रुप मरीन सिस्टिम्स मिळून भारतीय नौदलासाठी सहा पाणबुड्या बांधण्याची बोलणी सप्टेंबरमध्ये सुरू झाली. अमेरिकेबाहेर भागीदार शोधणारा जर्मनी भारतासाठी संधी आहे. पण तिथेही भाषेची अट, पदव्यांच्या मान्यतेला लागणारा वेळ आणि स्थलांतरितांविरोधातील वाढता सूर या अडचणी आहेतच.

पुढे काय?

सैन्य एका रात्रीत हलणार नाही आणि ‘नाटो’ही लगेच मोडणार नाही. अमेरिकेची उपग्रहांवरून मिळणारी माहिती, दूर पल्ल्याची क्षेपणास्त्रे, हवेत इंधन भरण्याची क्षमता आणि अण्वस्त्रांचे छत्र यांना पर्याय उभा करायला जर्मनीला आणि युरोपला अनेक वर्षे लागतील. अमेरिकेलाही रामस्टाइन आणि स्टुटगार्टशिवाय तीन खंडांवर लक्ष ठेवणे कठीण आहे.

२०२६ मध्ये तीन गोष्टींवर नजर ठेवावी लागेल. पहिली, युक्रेनमध्ये तोडगा निघाल्यास त्याची हमी कोण देणार आणि त्यात जर्मन सैनिक असतील का. दुसरी, जर्मनीतील राज्यांच्या निवडणुका. सप्टेंबरमध्ये मतदान होणाऱ्या सॅक्सनी-आनहाल्टमध्ये ‘एएफडी’ जनमत चाचण्यांत आघाडीवर आहे. तिसरी, नोव्हेंबरमधील अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुका.

आजवर अमेरिका संरक्षण देत असे आणि जर्मनी महत्त्वाच्या निर्णयांत तिच्या मागे राहत असे. आता जर्मनीने स्वतःच्या संरक्षणाचे बिल भरायला सुरुवात केली आहे. बिल भरणारा उद्या काय खरेदी करायचे, कुणाशी बोलायचे आणि कुठे नकार द्यायचा हेही स्वतः ठरवू लागेल. जर्मनीने जबाबदारी घ्यावी, ही मागणी अमेरिकेचीच होती. त्या जबाबदारीसोबत येणारे स्वतंत्र मत तिला मान्य होईल का, यावर या आठ दशकांच्या नात्याचे पुढचे रूप ठरेल.